साधनेतील सोबतीविषयी चि. श्रीरंगास

चि. श्रीरंग यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मंडळातील साधकांशी तुझा वाद झाला, तू तेथे जाणे सोडलेस आणि आता पहाटे दार लावून एकटाच अभ्यासाला बसतोस, हे तू इतक्या शांतपणे कळवले आहेस की ते वाचून मी अधिकच अस्वस्थ झाले. रागाच्या भरात लिहिले असतेस, तर राग ओसरेपर्यंत मी गप्प राहिले असते; पण तू प्रमाणे देऊन लिहिले आहेस. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातला ‘एकाकी यतचित्तात्मा’ हा चरण दिलास, योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत हठयोगप्रदीपिकेने जनसंग मोजला आहे हे दाखवलेस, भागवताच्या एकादश स्कंधातील कुमारीच्या कांकणांची कथाही सांगितलीस. आणि मग शेवटच्या दोन ओळींत, जाता जाता लिहावे तसे, हल्ली झोप तीन-चार तासांवर आली आहे, कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, वाढवला आहे आणि बसल्यावर अंगाला कंप सुटतो, असे लिहून पत्र संपवलेस. झोपेविषयी या पत्रात काहीही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे. तू आता मोठा आहेस, आणि आईने झोपेची चौकशी केलेली तुला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. तुझ्या प्रमाणांचा विचार मात्र मला तुझ्याशी करायचा आहे, कारण ती तू मनापासून दिली आहेस.

आधी हे सांगते की तुझे पत्र वाचून मला अभिमान वाटला. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः मूळ ग्रंथ उघडून तू वाचलेस, पदच्छेद नीट केलास, अर्थ ओढूनताणून लावला नाहीस. अप्पा असते तर त्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले असते आणि मग एकच विचारले असते, ‘त्याने पुढचा श्लोक पाहिला का?’ त्यांची ती सवय तुला आठवत असेल. म्हणून मी पुढचे श्लोक पाहिले, आणि मागचेही.

प्रदीपिकेपासून सुरुवात करते. अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य या सहांनी योग नष्ट होतो, असे प्रदीपिकेचे कर्ते स्वात्माराम म्हणतात. मंडळात बैठक संपल्यावर ज्या गप्पा चालतात, कोणाला कोणता प्रकाश दिसला आणि कोणाला दिसला नाही याची जी चर्चा रंगते, ती प्रजल्पच आहे, हे तुझे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्याच ओळीत नियमाग्रह, म्हणजे नियमांचा हट्ट आहे आणि त्याच ओळीत प्रयास आहे, म्हणजे देहाला पेलणार नाही इतका शीण. जनसंगाला तू दाराबाहेर ठेवलेस आणि या दोघांना आत घेऊन दार लावलेस, अशी मला भीती वाटते. शिवाय एकांतातल्या मठीचे वर्णन संपताच, या श्लोकाच्या अगदी आधीच्या श्लोकात, तेथे राहून गुरूने दाखवलेल्या मार्गानेच अभ्यास करावा, असे स्पष्ट सांगितले आहे. त्या मठीत बसणारा एकटा असे, पण आपले काही चुकले तर कोणाकडे जायचे, हे त्याला माहीत असे. पुढे दुसऱ्या प्रकरणात तर सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, असा इशारा आहे, आणि लागूनच, चुकीच्या अभ्यासाने उचकी, श्वास, खोकला, डोके, कान आणि डोळे यांच्या वेदना होतात, असे म्हटले आहे. तो ग्रंथ लिहिणारा काही भित्रा माणूस नव्हता. त्याने हे घडलेले पाहिले असणार.

तुझा कुंभक कोणाच्या सांगण्यावरून वाढला, श्रीरंग? पत्रात तू ते लिहिलेले नाहीस.

गीतेचेही तसेच आहे. ‘एकाकी’ हा श्लोक सहाव्या अध्यायात दहावा आहे. त्याच्या पुढे सोळाव्या आणि सतराव्या श्लोकांत भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, फार झोपणाऱ्याला साधत नाही तसाच जागत राहणाऱ्यालाही साधत नाही. ज्याचे झोपणे आणि जागणे युक्त आहे, त्याचाच योग दुःख दूर करणारा होतो. झोपेचा विषय काढणार नाही असे वर लिहिले आहे, तरी हे श्लोक वगळून पुढे जाणे मला जमले नाही. पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी अर्जुन विचारतो की श्रद्धा असूनही ज्याचे मन योगापासून ढळले, तो दोन्हीकडून तुटून फुटलेल्या ढगासारखा नष्ट तर होत नाही ना? अध्यायभर एकांताचे, आसनाचे, मनाच्या निग्रहाचे विवेचन ऐकल्यावर त्याच्या मनात ही भीती उरली होती. ती त्याने उघड बोलून दाखवली, कारण समोर असा सखा होता की ज्याच्यापुढे भीती कबूल करताना मान खाली घालावी लागत नव्हती. ‘कल्याण करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही’ हे आश्वासन आपल्या सर्वांना मिळाले ते त्या विचारण्यामुळे. दार लावून बसलेल्या अर्जुनाला ते मिळाले नसते. तुझ्या मनात अशी एखादी भीती उरली असेल, तर ती तू कोणापुढे बोलतोस?

कांकणांची कथा मला लहानपणापासून आवडते. घरी पाहुणे आले असताना धान कांडणाऱ्या कुमारीच्या हातातल्या कांकणांचा आवाज होऊ लागला, म्हणून तिने एकेक करून ती काढली, दोन राहिली तरी आवाज होत होता, एक राहिले तेव्हा थांबला. यावरून अनेकांत कलह आणि दोघांतही बोलणे होते, म्हणून एकट्यानेच राहावे, असे भागवतातला तो भटका विरक्त, अवधूत, शिकला. तू ही कथा अचूक सांगितलीस. पण अवधूत ही कथा सांगत होता तेव्हा त्याच्यासमोर यदुराजा बसलेला होता, आणि तो आपल्या चोवीस गुरूंची नावे मोजून दाखवत होता. पृथ्वी, पाणी, अजगर, मधमाशी, त्यांच्यात ही अनोळखी मुलगीही. जो इतका एकटा फिरला, त्याने शिकवणारे नाकारले नव्हते. ते सगळीकडे ओळखले होते. आणि त्याच एकादश स्कंधात, तीन अध्याय पुढे, श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात की योग, सांख्य, स्वाध्याय, तप, त्याग, व्रते यांतले काहीही मला तसे वश करत नाही, जसा इतर सर्व संग तोडणारा सत्संग करतो. दोन्ही वचने एकाच स्कंधात आहेत आणि दोन्ही खरी आहेत. माणसांपासून दूर बसावे लागते, आणि माणसांत परत येऊन आपण कोठे आहोत हे पाहावेही लागते. रामकृष्ण परमहंसही संसारी माणसांना साधूंचा संग आणि अधूनमधून निर्जनवास, दोन्ही एका श्वासात सांगत असत. तू निम्मेच घेतले आहेस, असे मला वाटते.

आता अंगाच्या कंपाविषयी. तू तो प्रगतीची खूण समजतोस, हे तुझ्या लिहिण्यावरून कळते. असेलही, मी नाकारत नाही. तुझ्यापेक्षा मोठ्या साधकांना असे अनुभव आलेले आहेत. पण पतंजलींनी पहिल्या पादात चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय दिले आहेत, आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या विक्षेपांबरोबर येणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची अस्वस्थता. म्हणजे एकाच कंपाचे दोन अर्थ निघू शकतात, आणि कोणता खरा, हे ज्याला कंप सुटतो आहे तो एकटा कसे ठरवणार? त्या नऊ अंतरायांत ‘भ्रांतिदर्शन’ नावाचा एक आहे. व्याधी झाली तर माणसाला कळते, आळस आला तर कळते, संशय तर आतून टोचतच असतो. पण ज्याला भ्रांती झाली आहे त्याला ती भ्रांती म्हणून कधीच दिसत नाही, ती त्याला दर्शन म्हणूनच दिसते. या एका अंतरायापुढे कितीही प्रखर एकांत उपयोगी पडत नाही. तेथे दुसरे डोळे लागतात. त्याच यादीत ‘अनवस्थितत्व’ही आहे, म्हणजे मिळालेल्या भूमिकेवर न टिकणे, आणि आपण टिकलो की नाही हेही बहुधा भोवतालच्या माणसांनाच आधी समजते, कारण त्यांच्याशी आपण कसे वागतो ते त्यांना सोसावे लागते.

भाऊकाकांविषयी मी या पत्रात लिहिणार नव्हते. तुझी ताईही म्हणाली, ‘ते त्याला सांगू नकोस, तो तुलना केली म्हणून दुखावेल.’ तुलना मी करत नाही. तुझी बुद्धी वेगळी आहे, तुझा स्वभाव वेगळा आहे आणि काळही वेगळा आहे. परंतु त्या वर्षी त्यांच्या खोलीचा दिवा रात्रभर जळत असे आणि आम्ही सगळे ते तेज आहे, तपश्चर्या आहे असे समजून पायांचा आवाज न करता त्या दारावरून जात होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्यांच्याजवळ बसून ‘आज काय झाले?’ असे विचारणारे कोणीही नव्हते. अप्पांना विचारावेसे वाटत असे, पण तेव्हा दोघांचे बोलणे बंद होते. पुढचे तू जाणतोस. म्हणून ज्या दिवशी तू हल्ली झोप तीन-चार तासांवर आली आहे असे लिहितोस, त्या दिवशी मला तुझी खोली दिसत नाही, भाऊकाकांची दिसते.

हे लिहून मी तुझ्यावर ओझे टाकले असेल, तर क्षमा कर. मला तुला घाबरवायचे नव्हते.

नामदेवांची गोष्ट आठव. संतमेळ्यात मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारले की यांतली कोणती मडकी पक्की आणि कोणती कच्ची ते पाहा, आणि गोरोबा हातात थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे सगळे शांत बसून राहिले; नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके कच्चे, असा निवाडा झाला. ज्याच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलतो अशी ज्याची ख्याती, त्याला भरसभेत हे ऐकावे लागले. तो रागावला, दुखावला, विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेला. आणि शेवटी विसोबा खेचरांच्या पायांशी जाऊन बसला. मला या कथेत सर्वांत मोलाचे वाटते ते थापटणे. ज्यांच्यात राहून तुझ्या डोक्यावर कोणी थापटणे मारू शकते आणि मारणाऱ्याच्या मनात तुझ्याविषयी प्रेमच असते, त्या माणसांची सोबत कितीही अप्रिय वाटली तरी सोडू नये. चांगदेवांचेही असेच. चौदाशे वर्षे योगबळावर जगले असे त्यांच्याविषयी सांगतात, पुढे वाघावर बसून आले, पण त्याआधी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तेव्हा मायना काय लिहावा हेच न सुचल्याने कोरा कागद पाठवला. तो पाहून लहानगी मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. सिद्धी होत्या, शिष्य होते, आयुष्य होते. ‘तुम्ही कोरे आहात’ असे म्हणणारे मात्र तोवर कोणी भेटले नव्हते. ते म्हणणाऱ्या मुलीलाच त्यांनी गुरू केले, यात त्यांचे मोठेपण आहे.

मंडळातल्या त्या गृहस्थांनी तुला ‘तुझ्या साधनेत अहंकार आला आहे’ असे सर्वांसमोर म्हटले, आणि तेथूनच हे सारे सुरू झाले, असे तुझ्या पत्रावरून दिसते. ते प्रेमाने म्हणाले की मत्सराने, हे मी येथून सांगू शकत नाही. मत्सराने म्हणाले असतील तर त्यांचे बोलणे सोडून दे. पण एकदा त्या रागातून बाहेर येऊन ते वाक्य तपासून पाहा, एवढेच माझे म्हणणे आहे. पतंजलींनी चित्त प्रसन्न होण्यासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा सांगितल्या. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद, अपुण्यवानाविषयी उपेक्षा. यांतली एकही भावना बंद खोलीत अभ्यासता येत नाही. अहिंसा, सत्य, अस्तेय यांचेही तेच. आठ अंगांतले पहिलेच अंग दुसऱ्या माणसावाचून पुरे होत नाही. मंडळात जी माणसे तुला क्षुद्र वाटली, त्यांच्याशीच ती उपेक्षा, म्हणजे मनात डंख न ठेवता दूर राहणे, शिकायची होती असे मला वाटते. आणि डंख उरला असेल तर तो आसनावरही तुझ्याबरोबर बसत असणार.

मी पुन्हा उपदेशाच्या सुरात आले. वाईट सोबतीचे भय मला नाही असे समजू नकोस. जेथे प्रश्न विचारला की श्रद्धा कमी आहे असे म्हणतात, जेथे घरच्यांना सांगू नका असे शिकवतात, जेथे एका माणसाचा शब्द शास्त्राहून आणि स्वतःच्या विवेकाहून मोठा धरावा लागतो, तेथे तू एक दिवसही थांबू नयेस. नारदांच्या भक्तिसूत्रांत दुःसंग सर्वथा टाळावा असे म्हटले आहे, कारण आधी लाटेएवढे असलेले दोष त्या संगाने समुद्राएवढे होतात. तुझे मंडळ तसे होते का? तू लिहिलेस त्यावरून मला तरी ते तसे दिसले नाही. तेथे कंटाळवाणी, बोलघेवडी, थोडी मानाची भुकेली, पण इतक्या वर्षांत नियमाने बसणारी माणसे होती. अशाच माणसांत बहुतेकांची साधना होते.

चांगली सोबत कशी असावी, याचे मला सर्वांत आवडणारे चित्र प्रश्नोपनिषदात आहे. सुकेशा भारद्वाज, शैब्य सत्यकाम, सौर्यायणी गार्ग्य, कौसल्य आश्वलायन, भार्गव वैदर्भी आणि कबंधी कात्यायन, असे सहा जण हातात समिधा घेऊन मिळून पिप्पलाद ऋषींकडे गेले. ते अडाणी नव्हते. उपनिषद त्यांना ब्रह्मनिष्ठ म्हणते. पिप्पलाद त्यांना म्हणाले की तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांसह एक वर्ष येथे राहा, मग हवे ते विचारा. आम्हाला माहीत असेल तर सर्व सांगू. ‘आम्हाला माहीत असेल तर’ असे म्हणणारा गुरू ज्याला भेटला, त्याने आणखी काय मागावे? आणि शेवटी सुकेशा आपला प्रश्न विचारतो तेव्हा सांगतो की कोसल देशाच्या राजपुत्राने हाच प्रश्न मला विचारला होता आणि मी त्याला ‘मला माहीत नाही’ असे सांगितले, कारण खोटे बोलणारा मुळासकट वाळून जातो. बाकीच्या पाचांसमोर त्याने हे सांगितले. तुझ्या प्राणायामाच्या प्रश्नाचे मूळही तेथेच आहे; प्राण कोठून येतो आणि शरीरात कसा शिरतो, हे कौसल्याने विचारले आणि ते उत्तर बाकीच्या पाचांनीही ऐकले. एकाच्या प्रश्नाने पाच जण शहाणे झाले. तू विचारले नाहीस तर तुझे तर अडतेच, पण शेजारी बसलेल्या ज्याला तोच प्रश्न विचारण्याचे धैर्य नाही, त्याचेही अडते.

अप्पांच्या बैठकीत तू पाच-सहा वर्षांचा असल्यापासून बसत होतास. मांडी नीट घालून, पाठ ताठ ठेवून, डोळे मात्र अर्धे उघडे ठेवून बाकीचे काय करतात ते पाहत असायचास. सहावा अध्याय तुला त्या बैठकीतच पाठ झाला; कोणी मुद्दाम शिकवला नव्हता. माईआत्या गेल्यावरचे ते महिने तुला आठवतात का? अप्पांनी बसणेच सोडले होते. आसन गुंडाळून कपाटावर ठेवले होते आणि कोणी काही म्हटले तर ते उठून जात. तेव्हा त्यांच्या बैठकीतले ते दोघे काका रोज पहाटे येत, अप्पांशी एक शब्दही न बोलता आपापली आसने घालत, बसत आणि वेळ झाली की निघून जात. उपदेश नाही, सांत्वन नाही. कित्येक दिवस असे गेल्यावर एका पहाटे अप्पांनी आपले आसन खाली काढले. त्यांना ज्ञान कमी होते म्हणून ते थांबले नव्हते, आणि कोणी नवे काही सांगितले म्हणून पुन्हा बसले नाहीत. योगसूत्रांत अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तरच दृढ होतो असे म्हटले आहे. तो खंड ज्या काळात पडणारच होता, त्या काळात त्या दोघांनी अप्पांचा अभ्यास सांभाळून ठेवला. मला सोबतीविषयी जे काही कळते ते मुख्यतः तेथे कळले, पुस्तकात मी ते नंतर वाचले.

मोठ्यांच्या आयुष्यातही असे कोणीतरी असतेच. रामकृष्णांनी १८८६ साली देह ठेवल्यावर त्यांचे तरुण शिष्य वराहनगरच्या एका पडक्या घरात एकत्र राहू लागले. त्यांचे वैराग्य इतके तीव्र होते की ध्यानाला बसले की खाण्यापिण्याची शुद्ध राहत नसे. तेव्हा शशी, म्हणजे पुढचे स्वामी रामकृष्णानंद, अन्नाची सोय करून ठेवत आणि त्यांना ध्यानातून अक्षरशः ओढून जेवायला बसवत. पुढे विवेकानंद भारतभर एकटे फिरले हे आपण सर्व सांगतो. त्याआधीची ही ओढाताण फारसे कोणी सांगत नाही. रमण महर्षींचे उदाहरण तू नेहमी एकांतासाठी देतोस. १८९६ साली, सोळा वर्षांचे असताना, ते अरुणाचलाच्या मंदिरात पाताळलिंगाच्या तळघरात देहभान हरपून बसले आणि किड्यांनी त्यांच्या मांड्या कुरतडल्या. शेषाद्री स्वामींनी त्यांच्यावर लक्ष ठेवले, लोकांनी त्यांना उचलून बाहेर आणले, आणि पुढे पळनीस्वामींसारखा सेवक वर्षानुवर्षे त्यांच्याजवळ राहिला. रमणांना त्याची गरज वाटत नसेल. त्यांच्या देहाला होती. तुझ्या देहाची गरज कोण पाहते? या एकाच प्रश्नाभोवती मी पहिल्या पानापासून फिरते आहे, हे मला दिसते आहे, आणि तो पुसून टाकावा असे वाटूनही मी पुसत नाही.

तू परत त्याच मंडळात जावेस असा माझा आग्रह नाही. जिथे मन दुखले तिथे लगेच जाणे कठीण असते. पहाटेचा तुझा एकांतही मोडू नकोस. तो तुझा हक्क आहे आणि त्याचा मला आदर आहे. मी एवढेच मागते की अनुभवी असा एक तरी माणूस शोध, ज्याला तू आठवड्याला जे घडले ते न लपवता सांगशील आणि ज्याचे ‘थांब’ तू ऐकशील. त्याशिवाय बरोबरीने बसणारे एक-दोन जण असतील तर फार चांगले. तैत्तिरीय उपनिषदातला ‘सह नाववतु’ तू रोज म्हणतोस. त्यात शेवटी ‘मा विद्विषावहै’ आहे, आम्ही एकमेकांचा द्वेष न करो. ती प्रार्थना करणाऱ्यांनाही एकत्र अभ्यास करताना मने दुखावतात हे ठाऊक होते, आणि तरी त्यांनी वेगळे बसण्याची प्रार्थना केली नाही.

अप्पांच्या बैठकीतल्या त्या दोघांपैकी एक काका अजून आहेत. ऐकू कमी येते, पण पत्र वाचतात आणि उत्तरही लिहितात. त्यांना मी तुझ्याविषयी काही कळवलेले नाही, कारण ते तू स्वतः कळवावेस. कुंभकाचे प्रमाण, कंप कधी सुटतो आणि किती वेळ राहतो, नंतर मन कसे असते, झोप किती, हे सगळे लिही. चांगले तेवढेच लिहू नकोस. ते जर म्हणाले की हे माझ्या अनुभवाच्या पलीकडचे आहे, तर ते ज्यांच्याकडे पाठवतील त्यांच्याकडे जा. तोपर्यंत कुंभक थांबव आणि नुसता सहज श्वास पाहत बस. डॉक्टरांनाही एकदा कंप दाखव. साधनेने झालेला नसेल तर तेही कळले पाहिजे, आणि त्यात साधनेचा काही कमीपणा नाही. ताई पुढच्या महिन्यात काही दिवस तुझ्याकडे राहायला येईन म्हणते आहे. तिला हो म्हण. तीही आता रोज बसते, हे तिने तुला सांगितले नसेल.

तुझी,
आई